वीस भोकांचा नकाशा

त्या माणसावर माझा राग आहे. आता तो कारंज्याहून मुलीकडं नागपूरला राहायला गेलाय, कमी ऐकू येतं असंही कळलं, तरी राग आहे. माझ्या धंद्यात राग फार दिवस ठेवणं परवडत नाही. सकाळी ज्याच्याशी भांडलो त्याच्याशीच संध्याकाळी सौदा करावा लागतो. पण हा एक राग मी जपून ठेवलाय.

मी बारदान्यातून वर आलो. कारंज्याच्या बाजारात फाटकी पोती विकत घ्यायची, शिवायची आणि परत विकायची. मग बोअरच्या गाडीची दलाली केली, मग प्लॉट. बापाची जमीन नाही, कोणाची ओळख नाही. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेलं. समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा मी कधी मान्य केला नाही. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या सांगितल्या तर मी तीन दिवस घेतो.

कामरगावच्या रस्त्याला एक बंद कारखाना मी विकत घेतला. लोक त्याला पावडरीचा कारखाना म्हणत. कपाशीवर धुरळायची कीटकनाशकाची भुकटी तिथं मिसळून पुड्यांत भरायचे. मालक कधीच निघून गेले होते, पत्रे चोरीला गेले होते. उरल्या होत्या भिंती, तीन एकर जागा आणि वास. वासामुळंच जागा स्वस्तात पडली. तो घालवायचा म्हणून मी वरची हातभर माती जेसीबीनं खरवडून काढली, तिच्या जागी लालसर मुरूम पसरला आणि रोलर फिरवला. जागा नवरीसारखी दिसायला लागली.

खरवडलेल्या मातीचं काय केलं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड तिचीच आहे. आमच्याकडं वाळवीचा भारी त्रास. आम्ही तिला उधई म्हणतो. चौकट खाते, दार खाते, देव्हाराही सोडत नाही. पण त्या कारखान्याच्या आवारात इतक्या वर्षांत एक वारूळ उठलं नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती. माझं कामरगावातलं नवीन घर तेव्हा जोत्यापर्यंत आलं होतं. मी ती माती जोत्यात भरली. एवढी हुशारी केली म्हटल्यावर गप्प कसा बसणार? चार ठिकाणी सांगितलं. मग लोकच यायला लागले. “भाऊ, एक ट्रॉली आमाले द्या न. घर बांधून राह्यलो, उधईनं जीव खाल्ला.” दहा घरांना दिली. कोणाकडून पैसा घेतला नाही, डिझेल तेवढं ज्याचं त्याचं. आयुष्यात मी फुकट दिलेली ती एकच वस्तू.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दूध कंपनीला शीतकरण केंद्रासाठी ती जागा आवडली. माझ्याजवळचं सगळं त्या तीन एकरांत अडकलं होतं. हा सौदा झाला तर मी सुटणार होतो. कंपनीच्या साहेबाची एकच अट होती. जुना कारखाना आहे, तेव्हा माती आणि जमिनीखालचं पाणी तपासून घ्या, आणि आधी तपासणीचा आराखडा आम्हाला पाठवा. त्यानं तीन जाणकारांची नावं दिली. मी त्यातला सगळ्यात म्हातारा निवडला. निवृत्त माणूस आहे, एका चहात सही करील, असा माझा हिशोब होता.

तो एसटीनं फाट्यावर उतरला. हातात काळी छत्री, काखेत शाळेतल्या पोरांची गणिताची चौकोनी वही. ढगाचा पत्ता नव्हता, पण छत्री त्यानं उन्हापावसासाठी ठेवलेलीच नव्हती. तो तिनं जमीन मोजायचा. टोक टेकवायचं, मूठ टेकवायची, पुन्हा टोक. अशी त्यानं तीन एकर जागा मोजली. पिशवीत टेप होता. मी विचारलं, तर म्हणाला, “टेपचं दुसरं टोक कोणाला तरी धरायला द्यावं लागतं. मग तो कोणीतरी बोलायला लागतो.”

तीस वर्षं सरकारी कचेरीत भूजलाच्या फायली लिहून त्याची जीभच फायलीसारखी झाली होती. बोलताना ‘सदर’ आणि ‘उक्त’ असे शब्द यायचे. टपरीवर चहा घेतला की टपरीवाल्याला सांगायचा, “सदर चहात साखर कमी आहे.” मला त्यानं कधी भाऊ म्हटलं नाही की शेठ म्हटलं नाही. हाक मारायची ती “जागामालक”. “जागामालक, जरा इकडे या.” जशी काही मी मोजणीच्या नकाशावरची खूण आहे.

पहिल्याच दिवशी त्यानं छत्रीच्या टोकानं माझा गुळगुळीत मुरूम उकरला आणि उकिडवा बसून बघत राहिला.

“जागामालक, मुरूम वर आणि काळी माती खाली. आपल्या भागात सर्वत्र उलट असतं.”

“मंग?”

“मग हे देवानं केलं की आपण?”

“पावसात चिखल होते, म्हून टाकला.”

“आणि त्याआधी वर जी माती होती ती?”

“वाहून गेली.”

“बरं,” तो म्हणाला आणि वही उघडली. पानाच्या डोक्यावर त्यानं लिहिलं: ‘प्रश्न १. वरची माती कोठे गेली?’ खाली लिहिलं: ‘वाहून गेली (जागामालक).’

पुढच्या खेपेला त्यानं तोच प्रश्न, त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारतोय असा विचारला. मी म्हणालो, रस्त्याच्या भरावात गेली. लिहिलं. त्याच्या पुढच्या खेपेला मी म्हणालो, वीटभट्टीवाल्यानं नेली. लिहिलं. मग मी म्हणालो, जेसीबीवाल्याले इचारा, मले काय मालूम. तेही लिहिलं, त्यापुढं तारीख घातली, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि म्हणाला, “बरं.” त्यानं एकदा जरी खोटारडा म्हटलं असतं तरी मी त्याला तिथून हाकलला असता. भांडायला माझी कायम तयारी असते. पण ‘बरं’ म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दोन महिने गेले तरी जागेत एक भोक पडलं नाही. आधी प्रश्न, मग भोक, असं त्याचं म्हणणं. कारखान्यात काय यायचं, कुठं उतरायचं, कुठं सांडायचं, पाऊस आला की ते कुठं वाहायचं, खालच्या अंगाला कोणाच्या विहिरी आहेत, हे समजल्याशिवाय तो जमिनीला हात लावू देईना. कंपनीचा साहेब मला फोन करून विचारायचा आणि मी याच्यावर तापायचो.

“सर, माहा बोअरवाला एका दिवसात दोनशे फूट जाते. तुमी दोन महिन्यात दोन बोटं नाही गेले.”

“त्याला पाणी लागलं की त्याचं काम संपलं,” तो म्हणाला. “आपल्याला त्या पाण्यात काय आहे, ते कुठून आलं आणि कोणाकडे चाललंय ते शोधायचंय.”

शेवटी एकदाचा नकाशा आला. चौकोनी वहीचीच चार पानं खळ लावून जोडलेली. मातीची वीस भोकं आणि पाण्यासाठी तीन बोअर. मी बाजारात बसल्यासारखा मांडी घालून बसलो. “वीसचे बारा करा.”

वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं माझ्या हातात पेन्सिल दिली. “कोणती आठ काढायची त्यांवर फुली मारा. पुढे कारण लिहा आणि सही करा.”

प्रत्येक भोकासमोर त्यानं कारण लिहिलं होतं. इथं माल उतरायचा. इथं फाटक्या पुड्या टाकायचे. इथं नाली वळते. एकापुढं लिहिलं होतं, ‘येथे काही नसावे. नसल्याची खात्री.’ मी त्याच्यावर पेन्सिल टेकवली. “हे तं खोडतोच. काही नाही म्हनता अन खोदता कायले?”

“कंपनीला दाखवण्यासारखं तेवढंच एक निघण्याची शक्यता आहे,” तो म्हणाला.

मी पेन्सिल उचलली. तासभर बसलो आणि एकावरही फुली मारू शकलो नाही. मग बोअरकडं वळलो. खालच्या अंगाला दोन बोअर होते ते समजलं, पण एक उताराच्या वरच्या अंगाला होता, जिथं कारखान्याचा काही संबंध नव्हता.

“हे वरचं काहून?”

“पाणी आपल्या हद्दीत शिरण्याआधी कसं होतं ते कळायला हवं. ते वरूनच खराब आलं असेल, तर दोष सदर कारखान्याचा नाही.”

“म्हंजे माहाबी नाही.”

“आपलाही नाही.”

“मंग त्या बाजूनं पाच घ्या, अन खालचे दोन काढून टाका.”

त्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं नव्हे, पँटच्या खिशातल्या रुमालानं पुसला, पण असा सावकाश की मला धोतरवाले जुने मास्तर आठवले. “जागामालक, आपण वकील व्हायला हवं होतं.”

“वकिलाले फी द्या लागते. मी माहं भांडण सोताच भांडतो.”

तेव्हा तो हसला. उचकी लागल्यासारखा एकदाच. त्यानंतर मी त्याला हसताना पाहिलं नाही.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. कारखान्यात पूर्वी कामाला असलेल्या माणसांना तो एकेक करून जागेवर बोलवायचा आणि नुसतं सांगू द्यायचा नाही, करून दाखवायला लावायचा. रखवालदारानं मोकळ्या जागेत फाटक उघडून दाखवलं, हमालानं नसलेलं पोतं पाठीवर घेऊन वीस पावलं चालून दाखवलं, आणि हा मागून छत्रीनं पावलं मोजत होता. रस्त्यावरून जाणारी माणसं सायकली थांबवून बघत. माझ्या जागेत तमाशा चाललाय असं गावभर झालं.

मग शांताबाई आली. साठीच्या पुढची, पण कण्यात बाक नाही. वस्तीत राहते, बारा वर्षं तिनं त्या कारखान्यात पुड्या भरल्या.

“अठी बसत होती मी,” ती म्हणाली आणि मुरमावर बसली. “अठी घमेलं. हातानं भरत होतो आमी, चमचा काईचा. सांजच्याले बोटाची कातडी निंगून ये. रिकामे डरम मांगं धुवाचे अन पानी आडात सोडाचं.”

“सदर आड कोठे आहे?”

“हे काय, भाऊच्या मुरमाखाली. भाऊनं बुजवला.”

तो लिहीत होता. मी शेजारी उभा होतो, आणि मला वाटलं आता दोघं उठतील. पण त्यानं वहीचं पहिलं पान काढलं आणि तिलाही तोच प्रश्न विचारला, वरची माती कुठं गेली ते.

“हे काय इचारनं झालं?” शांताबाई म्हणाली. “भाऊच्या घरात हाये न. जोत्यात भरली. आनखी दहा घरी देल्ली. मीबी मांगाले गेल्ती एक ट्रॉली. मले म्हने संपली. अन माह्या डोयासमोर त्याच रस्त्यानं दोन ट्रॉल्या गेल्या दुसऱ्याच्या घरी.” माझ्याकडं बघून ती म्हणाली, “तवा लय राग आल्ता भाऊ तुमचा. आता वाटते, बरं झालं नाही देल्ली.”

माझं डोकं फिरलं. त्या बाईला काय बोलणार? तिचं खरं होतं. मी त्याच्या हातातली वही हिसकावली आणि कुंपणाच्या बेशरमीच्या झुडपांत भिरकावून दिली. वर आणखी बरंच काही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे झुडपांत शिरला. छत्रीच्या मुठीनं फांद्या ओढत त्यानं वही काढली, तिच्यावरचा मुंगळा झटकला आणि परत येऊन म्हणाला, “जागामालक, एकूण किती ट्रॉल्या?”

मी मोटारसायकल काढली आणि निघून गेलो.

दोन दिवसांनी तो माझ्या घरी आला. त्याला बैठकीत बसवणं भाग होतं. माझ्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणि पेला आणून ठेवला. पाण्याच्या बाबतीत तो सोवळा नव्हता. टपरीवरचं प्यायचा, हमालाच्या मडक्यातलं प्यायचा. त्यानं पेला उचलला, आणि मग तिला विचारलं, “वहिनी, हे पाणी कुठलं?”

“घरच्याच बोअरचं. लय गोड हाये.”

त्यानं पेला खाली ठेवला. बायको माझ्या आधी समजली. “सात महिने झाले आमी हेच पिऊन राह्यलो,” ती म्हणाली, त्याला नाही, मला.

मी माझ्या परीनं वाजवी सौदा मांडला. “सर, दहाच्या दहा घरांची यादी देतो. माहं घर धरून अकरा. पन कंपनीले पाठवता त्या आराखड्यात लिहू नका. सौदा होऊ द्या, मंग तुमी म्हनान तिथं खोदू. मी सोता पैसा लावतो.”

“सौद्याला किती दिवस?”

“दोन महिने.”

“तोवर उक्त अकरा घरी काय पितील?”

असा प्रश्न सौद्यात कोणी विचारत नाही. बायको दारातून हलली नव्हती. मी नावं सांगत गेलो, तो लिहीत गेला. पहिल्या पानावरच्या माझ्या चारही उत्तरांवर त्यानं काट मारली नाही. त्यांच्या खाली लिहिलं, ‘जागामालकाने स्वतः यादी दिली.’ शांताबाईचं नाव घातलंच नाही. मी त्याच्याकडं ही मेहेरबानी मागितली नव्हती.

आराखडा कंपनीला गेला. त्यात वीसची एकतीस भोकं झाली होती. आठवडाभरात दोन ओळींचं गोड पत्र आलं, आम्ही दुसरी जागा पाहत आहोत. आयुष्यात एकदा खरं बोललो, ते टाईप होऊन गेलं. आज ती तीन एकर जागा माझ्याच नावावर आहे आणि अजून काही वर्षं राहील. त्या आडाखालच्या पाण्यात काय निघालं ते सांगत बसत नाही. खालच्या अंगाच्या दोन विहिरींवर ग्रामपंचायतीनं लाल रंग मारलाय, त्यावरून समजून घ्या.

मला वाटलं होतं, सौदा गेला म्हणजे याचं माझ्याकडचं काम संपलं. तर दुसऱ्या दिवशी हजर. हातात लोखंडी गिरमिट, माती खोलवरून काढायचं, माझ्या कमरेएवढं. म्हणाला, “यादी आपली आहे. दारं आपणच वाजवायची.”

गेलो. दहा दारं वाजवली आणि दहाही ठिकाणी सांगितलं की मी दिलेल्या मातीत जहर असू शकतं, तपासू द्या, तोवर बोअरचं पाणी पिऊ नका. तुम्हाला वाटेल लोक घाबरले. एकही घाबरला नाही. पहिल्याच घरचा दिनकर म्हणतो, “भाऊ, खरं सांगा. मातीले भाव आला का?”

“काईचा भाव?”

“मंग वापस काहून मांगून राह्यले? फुकट देल्ली तवाच मी बायकोले म्हनलं होतं, भाऊ आन फुकट, याच्यात काहीतरी हाये.”

दुपारपर्यंत दहाही जणांचं एकमत झालं होतं. भाऊला मातीचं मोठं गिऱ्हाईक मिळालंय, औषध कंपनी असेल, म्हणून आता जहराची भीती घालून जोती उकरायला निघालाय. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं की ट्रॉलीमागं काय मिळतं, आपण दोघं मिळून करू. मी ओरडून सांगितलं, हात जोडून सांगितलं. जितकं सांगावं तितका त्यांच्या मनातला मातीचा भाव वाढत होता. तीस वर्षं घासाघीस करून कमावलेलं नाव होतं ते. एका दुपारीत कसं पुसलं जाणार?

म्हातारा छत्रीवर रेलून हे सगळं ऐकत होता. संध्याकाळी सगळे माझ्या अंगणात जमले, आणि दिनकर म्हणाला, “आधी भाऊच्या घरात खोदा. मंग आमी पाहू.”

माझ्या हॉलची फरशी बायकोनं अमरावतीला चार दुकानं फिरून पसंत केलेली. पांढरी, तिच्यावर राखाडी रेघ. मी म्हाताऱ्याकडं पाहिलं, की हा म्हणेल मागच्या अंगणात घेऊ, न्हाणीपाशी घेऊ. तो हॉलमध्ये गेला, छत्रीनं भिंतीपासून मोजलं आणि बरोबर मधोमध टोक टेकवलं. “येथे भराव सर्वात जाड आहे.”

“कडेनं घ्या न सर.”

“कडेनं कमी निघेल.”

बायकोनं सोफा ओढायला सुरुवात केली. मी छिन्नी-हातोडा आणला. कोणी हात लावला नाही, तेव्हा मीच फोडली. तो दोन फरशांचा आवाज मला अजून ऐकू येतो. खालचा काँक्रीटचा पापुद्रा फोडला. मग त्यानं गिरमिट माझ्याकडं दिलं. त्याच्या गुडघ्यांना ते होण्यासारखं नव्हतं. मी फिरवत गेलो. हातभर खाली गेल्यावर राखाडी माती वर आली आणि तो वास हॉलमध्ये पसरला.

तो कुरकुरत खाली बसला, माती काचेच्या बरणीत भरली, झाकण लावलं, चिठ्ठी काढली. “भोक क्रमांक एकवीस. घरमालकाचं पूर्ण नाव?”

पाच महिने मला ओळखत होता. तरी विचारलं. मी माझं नाव, बापाचं नाव, आडनाव सांगितलं. त्यानं लिहिलं आणि चिठ्ठी बरणीला चिकटवली.

बरणीत काय आहे ते प्रयोगशाळा महिनाभरानं सांगणार होती. पण ते दहा जण तोवर थांबणारे नव्हते. ते बरणीकडं बघतही नव्हते, माझ्या फरशीकडं बघत होते.

“भाऊनं सोताची फरशी फोडली,” मागून कोणीतरी म्हणालं.

“मंग खरं असन,” दिनकर म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. “सर, आता माह्या घरी चाला. माहे लेकरं दोन्ही त्याच खोलीत झोपतात.”

म्हातारा छत्रीचा आधार घेऊन उठला आणि निघाला. दहाही जण त्याच्यामागं निघाले. बायको त्यांच्यासाठी केलेला चहा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला कोणी चला म्हटलं नाही, वळूनही पाहिलं नाही. पण गिरमिट माझ्याच हातात राहिलं होतं, आणि ते फिरवणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून मीही मागून निघालो.